चाहूल ऐकायला शिका: ‘एलियन: आयसोलेशन’ पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

गोळीबाराचे गेम खेळत मोठा झालेला कुणी पहिल्यांदा ‘एलियन: आयसोलेशन’ घेऊन बसला, की थोड्या वेळाने हमखास विचारतो, “याला मारायचं कशाने?” कशानेच नाही. पिस्तूल हाती लागतं, शॉटगन मिळते, अर्ध्या वाटेवर ज्वाळा फेकणारा फ्लेमथ्रोअरही मिळतो, पण गेमभर आपल्या मागावर असलेल्या त्या परग्रहावरच्या प्राण्याला मारून मोकळं होण्याची सोय पूर्ण गेममध्ये नाही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी नेमका इथेच गेम सोडून दिला. मला त्याची हळहळ वाटते, कारण खरा गेम इथूनच सुरू होतो. मारण्याची आशा सोडली की आपण ऐकायला लागतो, आणि ऐकायला लागलो की यातली भीती त्रासदायक न राहता हवीहवीशी वाटते. तिथवर पोचायला काय करावं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी थोडी ओळख

गेम ऑक्टोबर २०१४ मध्ये आला. बनवला ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने, प्रकाशित केला सेगाने. तोवर हा स्टुडिओ माहीत होता तो ‘टोटल वॉर’ या ऐतिहासिक लढायांच्या मालिकेमुळे. हजारो सैनिक एका पडद्यावर लढवणाऱ्या मंडळींनी एक बाई, एक प्राणी आणि अंधारे बोळ एवढ्यावर गेम उभा केला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

गोष्ट रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटाच्या पुढची आहे. त्यातल्या एलन रिप्लीची मुलगी अमांडा इंजिनिअर आहे, आपण तिच्याच रूपात खेळतो. साल २१३७. आई ‘नोस्ट्रोमो’ या अंतराळजहाजासकट बेपत्ता होऊन पंधरा वर्षं झाली आहेत. त्या जहाजाचा फ्लाइट रेकॉर्डर सेवास्तोपोल नावाच्या अंतराळ स्थानकावर आहे असं कळतं आणि अमांडा तिकडे निघते. याहून जास्त माहिती घेऊन बसू नका. चित्रपट पाहिला नसेल तरी काही अडत नाही.

सेवास्तोपोलबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण या गेमची अर्धी मोहिनी त्या जागेत आहे. अंतराळ म्हटलं की डोळ्यांसमोर चकचकीत काच आणि निळे दिवे येतात, तसलं इथे काही नाही. बनवणाऱ्यांनी ठरवलं, की १९७९ साली भविष्य जसं कल्पिलं होतं तसंच ठेवायचं. त्यामुळे इथे जाड काचेचे मॉनिटर आहेत, हिरवी अक्षरं आहेत, खटकन दाबायची मोठी बटणं आहेत. पडद्यांवरची खरखर अस्सल दिसावी म्हणून त्यांनी चित्रं खरोखरच व्हीएचएस टेपवर उतरवून पुन्हा टिपली. आणि स्थानक कसलं, तर कंपनी हळूहळू गुंडाळत असलेलं. माणसं कमी केलेली, दुरुस्त्या रखडलेल्या, उरलेले कामगार वैतागलेले. भोसरी किंवा चाकणला एखाद्या बंद पडत आलेल्या कारखान्यात ज्याने पाळी केली आहे, त्याला ते लॉकर, ती कॅन्टीन, सुरक्षेच्या त्या पाट्या, मधेच थडथडणारा जनरेटर ओळखीचा वाटेल. गेमची भीती याच ओळखीतून येते. ही भुताची हवेली नाही, कामाची जागा आहे.

पहिली पायरी: खोली लावून घ्या

हा गेम डोळ्यांपेक्षा कानांनी खेळायचा आहे, म्हणून पहिला खर्च हेडफोनवर करा. महागडे लागत नाहीत. कान पूर्ण झाकणारे, तारेचे, बाहेरचा आवाज रोखणारे असले म्हणजे झालं. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलात तर दुकानात कानाला लावून बघा आणि मगच घ्या. ब्लूटूथवाले टाळलेले बरे. आवाज किंचित उशिरा पोचतो आणि इथे तो किंचित उशीर महाग पडतो.

वेळ रात्रीची ठेवा. पुण्यात हे सांगावंच लागतं, कारण गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशांचा सराव चालतो. ज्याचं घर डेक्कन, म्हात्रे पूल, सिंहगड रस्ता या पट्ट्यात आहे त्याला रात्री दहापर्यंत गेममधल्या व्हेंटमधली, म्हणजे छतातल्या हवेच्या बोगद्यातली, खुडखुड ऐकूच येणार नाही. ढोल मला मनापासून आवडतात, पण या दोन गोष्टी एका वेळी होत नाहीत. सराव थांबला, जेवणं झाली, भांडी आवरली, की बसा.

ट्यूबलाइट बंद करा आणि पडद्यावर खिडकीची तिरीप पडत नाही ना ते पाहा. सेटिंगमध्ये उजेडाची पट्टी येते, तिथे गेम सांगतो तेवढाच उजेड ठेवा. सगळं नीट दिसावं म्हणून पट्टी वर सरकवली, तर अंधारासाठी घेतलेली मेहनत राखाडी होऊन जाते.

लाईट जाण्याचा विचारही करून ठेवा. हा गेम सतत आपोआप सेव्ह होत नाही. कसा होतो ते पुढे येईलच. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर छोटा यूपीएस असावा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या. दुरुस्तीसाठी वीज बंद असते तो गुरुवारचा दिवस आणि पावसाळ्यातल्या वादळी संध्याकाळी सरळ सोडून द्या.

कॉन्सोलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. एक्सबॉक्स वनच्या किनेक्ट या कॅमेऱ्यातून किंवा प्लेस्टेशन ४ च्या कॅमेऱ्यातून खोलीतला आवाज गेममध्ये घेण्याची सोय आहे. ती चालू असेल तर तुम्ही दचकून ओरडलात की त्या प्राण्याला ते ऐकू जातं. आईने जेवायला मारलेली हाकही ऐकू जाते. कल्पना भन्नाट आहे, पण पहिल्या खेपेला ती बंद ठेवा.

मशीनची चिंता करू नका. गेम २०१४ चा आहे आणि बांधणी चांगली आहे, त्यामुळे साधारण जुनं ग्राफिक्स कार्डही पुरतं. जागा ३५ जीबीच्या आसपास लागते. डिसेंबर २०२१ पासून तो फोनवरही मिळतो. फोनवर तो उतरला आहे छान, मात्र बोटांनी पडदा घासत घाईत लपणं कठीण जातं, तेव्हा छोटा कंट्रोलर जोडा. पूर्ण किमतीला घेण्याची गरज नाही. सेलमध्ये किंमत बरीच खाली येते, थोडी वाट पाहा. आणि घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच खेळा. गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे आणि त्याला कारण आहे.

दुसरी पायरी: कठीणपणा निवडताना

नोव्हिस, ईझी, मीडियम, हार्ड, नाइटमेअर असे पर्याय आहेत. भयपट बघताना उशी तोंडाशी धरणाऱ्यांनी बेलाशक नोव्हिस घ्यावं, बाकीच्यांनी मीडियम. खालच्या पातळीवर प्राणी थोडा दुर्लक्ष करतो आणि सामान जास्त सापडतं. गोष्ट तीच राहते. कुणी नावं ठेवलीच तर ठेवू द्या.

तिसरी पायरी: सुरुवातीचे तास घाईत उडवू नका

पहिली दोन-चार मिशन संथ आहेत. दारं उघडा, वीज जोडा, चिठ्ठ्या वाचा. प्राणी ओझरता दिसतो, पण पूर्ण ताकदीने मागे लागतो तो पाचव्या मिशनमध्ये, सॅन क्रिस्टोबल या वैद्यकीय विभागात. तोवरचा वेळ सरावासाठी दिलेला आहे असं धरा.

सराव तीन गोष्टींचा. एक, ओणवं चालणं. पळालात तर लांबवर ऐकू जातं, साधं चाललात तर कमी, ओणवं चाललात तर जवळजवळ नाहीच. दोन, खोलीत शिरताच लपायच्या जागा हेरणं: टेबलाखाली, खाटेखाली, लॉकर, भिंतीतली झडप. तीन, मोशन ट्रॅकर वाचणं. ट्रॅकर हातात धरला की हलणाऱ्या गोष्टीचा ठिपका दिसतो आणि ती जवळ येईल तशी टिकटिक वाढते. स्तब्ध उभी असलेली गोष्ट त्याला कळत नाही. ती जमिनीवर आहे की छतातल्या व्हेंटमध्ये, हेही तो सांगत नाही. शिवाय ट्रॅकर वर धरला की नजर त्याच्यावर बसते आणि समोरचं धूसर होतं, आणि प्राणी अगदी जवळ असेल तर ती टिकटिक त्यालाही ऐकू जाते. तेव्हा ट्रॅकर क्षणभर काढा, पाहा, खाली घ्या.

याच टप्प्यात माणसं भेटतात. घाबरलेली, हत्यारबंद, कुणावर विश्वास न ठेवणारी. सगळी शत्रू नसतात. लांबून कानोसा घ्या आणि वळसा घालून जा. पिस्तुलाचा एक बार म्हणजे साऱ्या मजल्याला दिलेलं आवतण.

चौथी पायरी: ऐकणं

आता मुख्य गोष्ट. या गेममधला प्राणी ठरलेल्या मार्गावर फेऱ्या मारत नाही. त्यामुळे “डावीकडे जाईल, तीस आकडे मोज, मग पळ” असलं पाठांतर इथे चालत नाही. पुन्हा त्याच खोलीत आलात तर तो वेगळ्या दाराने येईल.

यामागे दोन डोकी काम करतात. एक गेमचं, दिग्दर्शकासारखं. तुम्ही कुठे आहात हे त्याला कायम माहीत असतं. दुसरं प्राण्याचं. त्याला फक्त स्वतःच्या डोळ्या-कानांनी कळतं तेवढंच माहीत असतं. दिग्दर्शक प्राण्याला नेमकी जागा सांगत नाही, “या भागात बघ” एवढंच सुचवतो. तो दुसरं कामही करतो. तुमच्यावरचा ताण बराच वेळ वाढलेला राहिला की प्राण्याला जरा लांब, व्हेंटमध्ये पाठवून देतो, म्हणजे तुम्हाला श्वास घेता येतो.

हे समजलं की वागण्यात दोन बदल होतात. प्राणी खोलीत घुटमळत असेल तर घाबरून पळायचं नाही. थांबायचं. तो जाईल, त्याला जायला लावणारं कुणीतरी आहे. आणि तो गेला की तिथेच दडून बसायचं नाही, कारण त्याला फिरवून तुमच्या आसपास आणणाराही तोच आहे. थांबा, जाऊ द्या, लगेच निघा. पूर्ण गेमची लय ही आहे.

आवाज असे ओळखा. जड, ठाम, धप्प पडणारी पावलं म्हणजे तो जमिनीवर आहे. डोक्यावर पत्र्याचा खडखडाट म्हणजे व्हेंटमध्ये आहे, तुम्हाला हलायची संधी आहे. धातूवर काहीतरी घसरून धपकन पडल्याचा आवाज म्हणजे तो खाली उतरला, जिथे असाल तिथे दडा. फुत्कार म्हणजे त्याला संशय आला आहे. किंकाळी आणि धावती पावलं ऐकली, तर त्याने तुम्हाला पाहिलं आहे. आणि छताच्या गोल भोकातून लाळेची तार लोंबताना दिसली तर त्याखालून जाऊ नका, तो वर वाट बघत बसलेला असतो. पहिल्या दिवशी हे सगळे आवाज एकसारखेच वाटतात. चार-पाच बैठकांनंतर मात्र कान आपोआप उत्तर देऊ लागतात, आणि तो क्षण फार सुंदर असतो. पावलं दूर जात आहेत, हे आपण न बघता सांगू शकतो.

पाचवी पायरी: लपणं

लॉकरचं उदाहरण घेऊ. तुम्ही आत शिरलात, दार लावलंत. दाराला आडव्या फटी आहेत, त्यातून खोलीची पट्टी दिसते. आधी त्या पट्टीत काहीच नसतं. मग शेपूट दिसते, सावकाश सरकत जाणारी. मग दोन लांब पाय येऊन तुमच्यासमोर थांबतात. ते लांबुळकं, डोळे नसलेलं डोकं फटींपाशी झुकतं. या क्षणी गेम तुमच्याकडून दोन गोष्टी मागतो, मागे रेलणं आणि श्वास रोखणं. दोन्ही बटणं दाबून धरा. कडा लाल होऊ लागतात, श्वास फार वेळ रोखला तर अमांडाला इजा होते. तरीही धरून ठेवा. बहुतेकदा तो आधी निघून जातो.

मला वाटतं, गेमने खेळणाऱ्याच्या शरीरापर्यंत पोचण्याचं इतकं साधं उदाहरण दुसरं क्वचितच असेल. अमांडाबरोबर आपणही खुर्चीत श्वास रोखलेला असतो. आणि तो समोरून गेला म्हणजे आपण कुणाला हरवलेलं नसतं, फक्त सापडलो नाही. तेवढ्यानेच जे वाटतं, ते कितीतरी गेममध्ये शंभर शत्रू पाडूनही वाटत नाही.

पण लॉकरची सवय लावू नका. एकच युक्ती वारंवार वापरली तर प्राणी तिला सरावतो आणि लॉकर अधिक बारकाईने तपासू लागतो. गेम पुढे जाईल तशा त्याच्या वागण्याच्या नवनव्या तऱ्हा खुल्या होतात, त्यामुळे तो शिकतो आहे असंच वाटतं. टेबलाच्या आडोशाला राहून, तो एका बाजूने आला की दुसऱ्या बाजूला सरकणं जास्त कामाचं. धीर लागतो, पण जमतं.

सहावी पायरी: सेव्ह करणं

भिंतीवर पब्लिक फोनसारखा एक पेटारा असतो. बारीक बीप बीप करत असतो, त्यामुळे दिसण्याआधी ऐकू येतो. अमांडा खाचेत कार्ड घालते, एक दिवा लागतो, दुसरा, तिसरा, आणि मग सेव्ह होतं. मोजून काही सेकंदांचं काम. पण त्या सेकंदांत गेम थांबत नाही. मागून कुणी आलं तर आलं. तुमची पाठ खोलीकडे असते आणि तीन दिवे लागायला युगं जातात.

नवख्यांची सगळ्यात जास्त चिडचिड इथेच होते. अर्धा तास खेळलेलं फुकट जातं. त्यावर उपाय आहेत. फोन सापडला की आधी सेव्ह करा, मग पुढे बघा. महत्त्वाचं काही हाती लागलं, दाराचं कार्ड किंवा एखादं हत्यार, तर परत फिरून सेव्ह करा. चालायला लागलेली दोन मिनिटं वाया जात नाहीत. जवळपास शत्रू असेल तर पडद्यावर तसा इशारा येतो. तो आला तर थांबा, नाहीतर पुढच्या वेळी गेम उघडलात की प्राणी पाठीशीच असेल. कॉम्प्युटरवरचे निरोप वाचताना किंवा दाराचं कुलूप हॅक करतानाही गेम थांबत नाही, हेही डोक्यात असू द्या.

सातवी पायरी: सामान आणि बाकीचे शत्रू

भंगार गोळा करून अमांडा वस्तू बनवते. सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे नॉइजमेकर. तो फेकला की प्राणी आवाजाकडे धावतो. वाटेत बंदूकधारी टोळकं असेल तर त्यांच्यात एक नॉइजमेकर टाका आणि टेबलाखाली जा. पुढचं पाहणं सोपं नाही, पण रस्ता मोकळा होतो.

फ्लेमथ्रोअर मिळाला म्हणून छाती पुढे काढून चालू नका. एक छोटी ज्वाळा दाखवली की प्राणी व्हेंटमध्ये पळतो. मात्र इंधन मोजकं आहे आणि सारखा वापरलात तर त्याची भीड चेपते.

वर्किंग जो हे स्थानकावरचे यंत्रमानव. पांढरे रबरी चेहरे, चमकते डोळे, सभ्य आवाज. ते धावत नाहीत, ओरडत नाहीत, शांतपणे चालत येऊन गळा धरतात. प्राणी त्यांच्या वाटेला जात नाही. नुसत्या पान्याने त्यांच्याशी भिडू नका, आधी इएमपीने, म्हणजे यंत्रं ठप्प करणाऱ्या विद्युत-झटक्याने, बंद पाडा. शक्य असेल तिथे सरळ निघून जा, चालत ते तुम्हाला गाठू शकत नाहीत.

किती खेळावं

एका बैठकीत एक-दीड तास. पूर्ण गेमला साधारण १८ ते २० तास लागतात. त्यातला मधला भाग लांबलेला आहे, हे मान्य करतो. काही मिशन छाटली असती तर गेम अधिक टोकदार झाला असता. म्हणूनच तो सलग खेळू नये. एकाच जागी लागोपाठ मरायला लागलात तर तो थकवा असतो. उठा, पाणी प्या, बाल्कनीत उभे राहा, उरलेलं उद्या. दुसऱ्या दिवशी तीच खोली पहिल्या झटक्यात पार होते, कारण ताज्या कानांना पावलं नीट ऐकू येतात.

शेजारी कुणी बसणार असेल तर उत्तम. एकाने खेळावं, दुसऱ्याने नुसतं ऐकावं आणि “वर आहे”, “खाली उतरला” एवढंच सांगावं. वसतिगृहाच्या खोलीत हा प्रकार फार रंगतो.

पूर्ण झाल्यावर ‘क्रू एक्सपेंडेबल’ नावाचा छोटा जोड-भाग खेळा. तो नोस्ट्रोमोवर घडतो आणि त्यात चित्रपटातल्या मूळ कलाकारांचे आवाज आहेत. गेमच्या पुढच्या भागावर काम सुरू झाल्याचंही ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं आहे. तो येईपर्यंत पहिलाच पुन्हा हार्डवर खेळायला घ्या, आणि वैद्यकीय विभागात पोचलात की ट्रॅकर न काढता पहिला मजला पार करून बघा.